खरेदीभावाचा त्याग

"मुद्दल निघालं की विकून टाकू." शेअरमध्ये अडकलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य इतक्या सहज निघतं की त्यामागे एक सबंध जीवनदृष्टी उभी आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्यात सबुरी आहे, थोडा मानीपणा आहे, आणि उशिरा का होईना पण न्याय होतो अशी एक अस्पष्ट श्रद्धाही आहे. व्होडाफोन आयडियाच्या छोट्या भागधारकांनी गेल्या काही वर्षांत हे वाक्य जितक्या वेळा उच्चारलं असेल तितकं क्वचितच दुसऱ्या कुणी उच्चारलं असेल. नाशिकसारख्या शहरात तर या वाक्याकडे निव्वळ हिशेब म्हणून पाहता येत नाही. इथे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले पगारदार, ओझरच्या एचएएलमधून किंवा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले लोक आपली पुंजी कुठे ठेवावी याचा विचार करत असतात, आणि त्याच शहरात रामकुंडावर रोज कुणी ना कुणी गेलेल्या माणसाचं शेवटचं देणं फेडायला आलेलं असतं. पडलेला शेअर धरून बसणं ही श्रद्धा आहे, संयम आहे की आसक्ती आहे, हा प्रश्न म्हणूनच मला अर्थशास्त्राच्या आधी धर्मविचाराचा वाटतो. माझं म्हणणं असं की मुद्दल निघेपर्यंत थांबण्याची ही प्रतिज्ञा आपल्या परंपरेने ज्याला फलत्याग म्हटलं त्याच्या नेमकी उलट दिशेला जाते.

आधी भावाकडे पाहू, कारण या प्रकरणात भावाचा इतिहास हाच मोठा पुरावा आहे. बिर्ला समूहाच्या ज्या कंपनीने पुढे आयडिया हे नाव घेतलं तिने १९९७ मध्ये मोबाइल सेवा सुरू केली ती गुजरात आणि महाराष्ट्रातच; नाशिक तिच्या अगदी जुन्या मुलखात येतं. फेब्रुवारी २००७ मध्ये तिने ७५ रुपयांनी शेअर विकायला काढले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दर कोसळले. ऑगस्ट २०१८ मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एक झाल्या तेव्हा चाळीस कोटींहून अधिक ग्राहकांची, देशातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी तयार झाली. २०१९ च्या उन्हाळ्यात तिने साडेबारा रुपयांनी २५,००० कोटींचे हक्कभाग काढले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने एजीआरचा, म्हणजे ज्या महसुलावर सरकारचा वाटा मोजायचा त्याचा, अर्थ सरकारच्या बाजूने लावला. कंपनीने एका तिमाहीत पन्नास हजार कोटींहून जास्त तोटा दाखवला आणि नोव्हेंबरमध्ये शेअर तीन रुपयांच्या खाली गेला. डिसेंबर २०२१ मध्ये तोच शेअर सोळाच्या वर होता. २०२३ मध्ये केंद्र सरकारने थकलेल्या व्याजाच्या बदल्यात दहा रुपयांनी शेअर घेतले. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने अकरा रुपयांनी १८,००० कोटी उभे केले. जूनअखेर भाव एकोणीसला पोचला. १९ सप्टेंबरला न्यायालयाने एजीआरबाबतची क्युरेटिव्ह याचिका फेटाळल्याचं कळताच तो एका दिवसात सुमारे २० टक्के घसरला. एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा वाटा जवळजवळ ४९ टक्क्यांवर गेला, ऑगस्टमध्ये भाव साडेसहाच्याही खाली उतरला. वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने एजीआरची थकबाकी ८७,६९५ कोटींवर गोठवून तिची फेड २०३१-३२ पासून दहा वर्षांत करायला मुभा दिली, तेव्हा तो पुन्हा दहाच्या आसपास खेळत होता.

आता यात मुद्दल कुठे आहे ते शोधू. एकाच दिवशी एकाच भावाला एका भागधारकाच्या मोबाइलवर लाल आकडा असतो आणि त्याच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर हिरवा, कारण एकाने ७५ ला घेतलेला असतो आणि दुसऱ्याने चारला. शेअर तोच, कंपनी तीच, तिचं कर्ज आणि तिचे टॉवरही तेच. कंपनीच्या ताळेबंदात या दोघांच्या खरेदीभावाला जागाच नाही. बाजारातून घेतलेल्या शेअरचे पैसे तर कंपनीकडे गेलेलेही नसतात. ते आधीच्या विक्रेत्याने केव्हाच नेलेले असतात. म्हणजे ज्या मुद्दलाची वाट पाहायची ते ना कंपनीकडे आहे ना बाजाराकडे, ते फक्त भागधारकाच्या स्मरणात आहे. आणि ते परत मिळण्याची शक्यता भावावरून जोखणंही फसवं असतं. २०१९ च्या हक्कभागांनंतर कंपनीचे सुमारे २,८७३ कोटी शेअर होते; सरकारने देण्याचं भांडवल करून घेतल्यावर २०२५ मध्ये ते १०,८०० कोटींच्या वर गेले. साडेबारा रुपये भाव २०१९ मध्ये असताना सबंध कंपनीची किंमत छत्तीस हजार कोटींच्या आसपास होत होती. आज तोच भाव यायचा तर ती सुमारे १ लाख ३५ हजार कोटींची व्हावी लागेल, म्हणजे जवळजवळ चौपट. ७५ वाल्याचं मुद्दल निघायला तिला आठ लाख कोटींच्या पुढे जावं लागेल, आणि ग्राहक तर चाळीस कोटींवरून वीस कोटींवर आलेत. थांबणाऱ्याला वाटतं आपण एका जागी उभे आहोत आणि भाव आपल्याकडे परत येतोय. प्रत्यक्षात दरम्यान त्याचा वाटाच एक चतुर्थांश झालेला असतो.

मुद्दलाविषयी याहून अगदी वेगळी दृष्टी नाशिकमध्येच दगडावर कोरलेली आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली आणि ती गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे गुंतवली: एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लेखात स्पष्ट आहे. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४० होतं. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा द्यायचे, म्हणजे बरोबर २४०. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला. त्याच लेण्यातल्या नंतरच्या, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेली रक्कम वेगवेगळ्या धंद्यांच्या श्रेणींत विभागलेली आहे. त्यांत पाण्याची यंत्रं चालवणारे आहेत आणि तेलीही आहेत. धार्मिक माणसाला पैशाचा हिशेब कळत नाही, किंवा कळू नये, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे लेख जरूर वाचावेत. दर ठरलेला आहे, जोखीम वाटलेली आहे, नोंद सार्वजनिक आहे. फक्त एक गोष्ट नाही: मुद्दल माझ्याकडे परत यावं ही अपेक्षा.

यावर लगेच आक्षेप येईल की उषवदात दानी होता, भागधारक दानी नाही; तो संसारी माणूस आहे आणि त्याला पैसे परत हवेच असतात. बरोबर आहे. शिवाय अक्षयनीवी अक्षय राहिली असंही नाही. कोष्ट्यांच्या त्या श्रेणी आज नाहीत, चीवरं वाटणंही थांबलं. इतकंच काय, १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राज्य पालटलं, नाणं पालटलं. पण या नाशात उषवदाताचं काय बुडालं? त्याने जे सोडलं होतं ते त्याच्याकडून कुणी हिरावू शकत नव्हतं. लेण्यातला लेख भागधारकाला दान करायला सांगत नाही. तो एवढंच दाखवतो की ज्याचं मन मुद्दलापासून मोकळं आहे तो व्यवहार अधिक डोळसपणे करतो. शेकडा एक की शेकडा पाऊण, कुणाकडे किती, कशासाठी, याचा विचार उषवदाताने नीट केला, कारण त्याचं लक्ष मागे काय दिलं याकडे नव्हतं, पुढे त्यातून काय होणार याकडे होतं. भागधारकाला त्याच्याकडून शिकता येईल ते एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

गीतेतल्या कर्मफलाच्या विचाराकडे या बाजूने पाहिलं तर अडकलेल्या भागधारकाचा एक जुना गैरसमज दिसू लागतो. "आपण फळाची आशा न ठेवता धरून बसायचं" असं म्हणताना अनेकांना वाटतं की आपण निष्काम झालो. पण ज्याने विकायची एकच अट घातली आहे आणि ती अट म्हणजे अमुक एक आकडा, त्याच्याइतका फळाला चिकटलेला दुसरा कोण? त्याने फळच नव्हे तर फळाची मापंही ठरवून ठेवली आहेत. आपल्याकडे कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भेद करतात. सुटलेला बाण परत येत नाही, हातातला बाण सोडायचा की नाही हे अजून ठरायचं आहे, असं ते परंपरेने समजावलं जातं. २००७ ची किंवा २०१९ ची खरेदी हा सुटलेला बाण आहे. तिचं फळ भोगून झालं किंवा भोगायचं आहे. क्रियमाण आहे तो आजचा प्रश्न: हीच रक्कम आज रोख हातात असती तर आज या भावाने, या कर्जासह, या दोन स्पर्धकांसमोर मी ही कंपनी विकत घेतली असती का? उत्तर हो असेल तर शेअर ठेवणं हे नवं, जाणतं कर्म आहे. उत्तर नाही असेल आणि तरी शेअर ठेवला असेल, तर ठेवणारा प्रारब्धालाच पुन्हा पुन्हा क्रियमाण करत बसला आहे. फळाची आसक्ती सोडणं म्हणजे परिणामांबद्दल बेफिकीर होणं नव्हे, हे लोकमान्यांनी १९१५ मध्ये छापलेल्या गीतारहस्यात पानोपानी मांडलं आहे. बुद्धी शुद्ध ठेवून, परिणामांचा नीट विचार करूनच कर्म करायचं. खरेदीभाव हा अशा विचाराला चिकटलेला मळ आहे.

मग सगळ्यांनी विकून मोकळं व्हावं का? नाही, आणि सर्वांत मजबूत आक्षेप इथेच आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तीनच्या खाली ज्यांनी विकला त्यांनी पुढची दोन वर्षं हात चोळले असतील. ज्यांनी धरला त्यांना डिसेंबर २०२१ आणि जून २०२४ या दोन संधी मिळाल्या. तेव्हा मुद्दलाचा हट्टच शहाणा ठरला नाही का? या आक्षेपाला उत्तर गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. ज्या निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत भाष्य केलं त्यांची समाधी इथून जवळ, त्र्यंबकेश्वरला आहे. तेव्हा या अध्यायाचा दाखला नाशिकला परका नाही. तिथे त्याग एकच मानलेला नाही, तीन मानले आहेत. मोहाने केलेला तामस, कष्टाच्या भीतीने केलेला राजस, आणि कर्तव्य ओळखून फळाची ओढ सोडून केलेला सात्त्विक. राजस त्यागाला त्यागाचं फळ मिळत नाही हेही तिथेच सांगितलं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये घाबरून विकणारा आणि १९ सप्टेंबर २०२४ ला घाबरून विकणारा हे दोघेही राजस त्याग करणारे. पहिल्याला भाव चढल्यामुळे पश्चात्ताप झाला, दुसऱ्याला भाव आणखी उतरल्यामुळे आपण हुशार आहोत असं वाटलं. दोघांच्या कर्माची प्रत मात्र एकच होती. फळावरून कर्माची पारख होत नाही हा केवळ आध्यात्मिक उपदेश नाही, या शेअरचा आलेख तेच सांगतो. २०१९ मध्ये धरून ठेवणाऱ्यांतही एखादा असा असेल ज्याने न्यायालयाचा निकाल वाचला, सरकारला दूरसंचारात फक्त दोन खासगी कंपन्या नको असणार हे ताडलं आणि त्या कारणाने थांबला. त्याचं थांबणं आणि "साडेबाराला घेतलाय, साडेबारालाच देणार" म्हणणाऱ्याचं थांबणं एकाच दिवशी, एकाच भावाला घडलं. तरी ती दोन वेगळी कर्मं आहेत.

कुणी म्हणेल, यात धर्माला कशाला ओढता? हे वर्तनशास्त्राने कधीच सांगितलं आहे. खरंच सांगितलं आहे. हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की माणसं नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले धरून ठेवतात. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका दलालीपेढीची १० हजार खाती तपासली. लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, त्यांनी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी तीन टक्क्यांहून जास्त चांगले चालले. पण हे संशोधन खोड दाखवतं, खोडीच्या मुळाशी असलेलं दुखणं तितकं उलगडत नाही. तोटा कागदावर असेपर्यंत "मी चुकलो" हे वाक्य उच्चारावं लागत नाही. विकलं की ते उच्चारावं लागतं, घरात तर मोठ्याने. हे दुखणं कर्तेपणाचं आहे, आणि त्यावर गीतेचा त्याच अध्यायातला दुसरा विचार मला फार उपयोगाचा वाटतो: कोणत्याही कर्माची कारणं पाच, त्यांत कर्ता हा फक्त एक, बाकीची अधिष्ठान, साधनं, नाना व्यापार आणि दैव. या शेअरवर तो लावून पाहा. एका स्पर्धकाने जवळजवळ फुकट डेटा वाटला, स्पेक्ट्रमच्या लिलावांत कर्जं चढली, एका शब्दाच्या अर्थावरून न्यायालयात पंधराहून अधिक वर्षं वाद चालला. नाशिकच्या एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याने दोन हजार शेअर घेतले ही त्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट. तोट्याचा सगळा कर्ता आपणच असं मानणं हाही अहंकारच, फक्त उदास चेहऱ्याचा. तो उतरला की विकणं किंवा न विकणं ही लाजेची गोष्ट राहत नाही, व्यवहाराची होते. आणि हो, चारला घेऊन सोळाला विकणाऱ्यालाही हेच लागू आहे. तोही पाचातला एकच, हे त्याला पटवणं मात्र अवघड जाईल.

श्रद्धेचा आक्षेप थोडक्यात घेतो. दीर्घकाळच्या गुंतवणुकीला श्रद्धा लागतेच, असं म्हणतात. लागते. पण श्रद्धेला विषय लागतो: धंदा, तो चालवणारे लोक, देशाची गरज. खरेदीभाव हा श्रद्धेचा विषय होऊ शकत नाही, कारण तो स्वतःचाच आकडा आहे. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात परिग्रह, म्हणजे संग्रह, वस्तूवरून ठरवलेला नाही, वस्तूविषयीच्या मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून, ठरवला आहे. म्हसरूळच्या गजपंथावर किंवा मांगी-तुंगीला जाणाऱ्या जैन व्यापाऱ्याला हा भेद नवा नाही. दोनशे शेअर असूनही अपरिग्रही राहता येतं आणि वीस असूनही मूर्च्छित होता येतं. भाव पडतोय म्हणून आणखी घेऊन सरासरी खाली आणणं, ज्याला बाजारात ॲव्हरेज करणं म्हणतात, ते बहुतेक वेळा ही मूर्च्छाच असते. त्याने कंपनीचं काही बदलत नाही, फक्त स्मरणातला आकडा थोडा सुसह्य होतो, आणि त्या सुसह्यतेची किंमत खऱ्या पैशात मोजावी लागते.

एक प्रश्न उरतो आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. शेअर बुडणार असं मला वाटत असेल तर तो दुसऱ्याच्या गळ्यात मारणं धर्म्य आहे का? तुकाराम महाराजांनी घरच्या सावकारीतली कर्जखतं भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली असं चरित्रकार सांगतात. त्यांनी ती दुसऱ्या सावकाराला विकली नाहीत. पण खत आणि शेअर यांत फरक आहे. खतापाठीमागे एक ऋणको होता, आणि खत विकलं असतं तर वसुली त्याच्याच उंबऱ्यावर गेली असती. शेअर घेणारा स्वतःहून येतो, निकाल आणि कर्जाचे आकडे त्यालाही तितकेच उघड असतात, आणि त्याचं मत माझ्याहून वेगळं असण्याचा त्याला हक्क आहे. उघड बाजारात उघड भावाने विकण्यात फसवणूक नाही. फसवणूक सुरू होते ती आपला भाव चढावा म्हणून भाच्याला, मेव्हण्याला, सोसायटीतल्या शेजाऱ्याला "सरकारचा पैसा आहे, बुडत नाही, तूही घे" असं सांगण्यात. सरकारचा ४९ टक्के वाटा कंपनीला आधार देईल, भागधारकाला देईलच असं नाही. दिवाळखोरी कायद्यात देण्यांच्या क्रमात सामान्य भागधारक सगळ्यांच्या शेवटी उभा असतो, मालक कुणीही असो. मुद्दलाची आसक्ती आपल्यापुरती राहिली तर ती दुर्बलता आहे. ती दुसऱ्याला ओढू लागली की तिला पाप म्हणायला मी कचरणार नाही.

आणि ही आसक्ती माणसाबरोबर संपत नाही. ज्यांच्या इच्छा अपुऱ्या राहिल्या त्यांच्यासाठी त्र्यंबकेश्वरला नारायणबळी करतात. डिमॅट खात्यातल्या इच्छेसाठी तसा विधी नाही. उलट आयकर कायद्याने वारसाला मिळालेल्या शेअरचा खरेदीभाव हा मृताचाच खरेदीभाव धरला जातो, किती वर्षं धरला तेही मृताच्या खरेदीपासून मोजतात. म्हणजे वडिलांनी ७५ ला घेतलेला शेअर मुलीच्या खात्यात येताना तो आकडाही बरोबर येतो. तिने तो विकला तर तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे नेऊन दुसऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा करता येतो; विवरणपत्राच्या त्या एका रकान्यात ७५ लिहावेच लागतात. विकायचं की ठेवायचं हे ठरवताना मात्र तिला तो आकडा पाहण्याचं काही कारण नाही, आणि वडिलांनाही कधी नव्हतं.